पिवळं बटण

तिला सगळे तक्रारबाई म्हणायचे. नाव काही फार गोड नाही, पण तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. बावीस वर्षं ती एका फ्रिजच्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसली होती. फ्रिज गार होत नाही, खाली पाणी साचतं, दार लागत नाही, असं काही झालं की माणसं फोन उचलून जिच्यावर पहिल्यांदा ओरडायची, ती ही. आणि माणूस एका फ्रिजपायी किती ओरडू शकतो हे ज्यानं ऐकलेलं नाही, त्यानं माणसंच ओळखलेली नाहीत, असं माझं तरी स्पष्ट मत आहे.

तिच्याकडे मात्र एक युक्ती होती. फोनच्या डाव्या अंगाला एक पिवळं बटण असायचं. ते दाबलं की पलीकडच्याला संगीत ऐकू यायचं आणि आपल्याला त्याचा आवाज यायचा नाही. समोरच्यानं आवाज चढवला की ती मऊ सुरात म्हणायची, "एक मिनिट हं, बघते," आणि डाव्या हाताचं पहिलं बोट पिवळ्या बटणावर. बघायचं काहीच नसायचं. पुटपुटत चाळीस आकडे मोजायचे, बटण सोडायचं आणि म्हणायचं, "हं, बोला." तोवर समोरचा निम्मा थंड झालेला असायचा. कित्येक जण तर उलट तिचीच माफी मागायचे. नव्यानं लागलेल्या तीसेक मुलींना तिनंच हे शिकवलं होतं.

घरीही तेच. नवरा एका फर्निचरच्या कारखान्यात सुतार, हाताचा सफाईदार आणि डोक्यानं तापट. त्याचा पारा चढला की ही "एक मिनिट हं" म्हणून स्वयंपाकघरात जायची, ओट्याशी उभी राहून चाळीस मोजायची आणि परत यायची. तेवीस वर्षं असा संसार केला बाईनं, आणि चांगला केला.

मग कंपनीनं तक्रारी ऐकायला यंत्र आणलं. यंत्राला चहा लागत नाही, रजा लागत नाही आणि त्याच्यावर कितीही बोंबला, त्याच्या बापाचं काय जातं! अख्खं टेबल बंद झालं. तक्रारबाईला तेव्हा सेहेचाळिसावं सरत होतं.

पुढचे सात महिने तिनं जे काढले, ते वैऱ्यावरही येऊ नयेत. लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिनं आईचा बायोडेटा नव्यानं करून दिला आणि त्यातलं जन्मसाल हळूच गाळून टाकलं. त्यानं काय होतंय? माणूस दारातून आत आला की वय आधी आत येतं. एका ठिकाणी लेकीच्या वयाचा साहेब म्हणाला, "मॅडम, तुमचा अनुभव खूप जास्त आहे." दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "अनुभव आहे, पण या क्षेत्रातला नाही." तिसऱ्या ठिकाणी तर मुलाखत यंत्रानंच घेतली. बिचारी खुर्चीत ताठ बसून पडद्याकडे बघत हसत होती आणि पडदा कोरा. दुपारी घरात एकटी असली की ती उगाच फोन उचलून कानाला लावायची, आवाज येतोय ना ते बघायची आणि परत ठेवायची.

अशात लेकीला एक जाहिरात दिसली. रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात फोन घेणारी माणसं हवी होती. आवाज शांत हवा, वयाची अट नाही. सहा आठवड्यांचं शिक्षण, अकरा उमेदवार, जागा चार. निवड झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी नवऱ्यानं कारखान्यात, शेजारी, नातेवाइकांत, सगळीकडे सांगून टाकलं, "लागली नोकरी!" अहो, लागली नव्हती. शिकायला घेतलं होतं फक्त. पण त्याचा उजळलेला चेहरा बघून तिला ते सांगवलं नाही. तिथंच चुकलं तिचं.

कक्षातले बाकीचे दहा जण पंचविशीच्या आतबाहेरचे. तिला काकू म्हणायचे आणि तिच्या डब्यातलं हक्कानं खायचे. शिकवायला होते ते गृहस्थ पूर्वी रुग्णवाहिकेवरच होते. गळ्यात कायम स्टॉपवॉच लटकलेलं, म्हणून पोरांनी त्यांचं नावच स्टॉपवॉच ठेवलेलं. त्यांचे नियम चारच. आधी पत्ता, मग काय झालं ते. पत्ता टाइप होताच पलीकडच्या टेबलावरून गाडी सुटते. गाडी पोहोचेपर्यंत फोन सोडायचा नाही. गाडी पोहोचली की मात्र ताबडतोब सोडायचा, कारण मागं दुसरं कुणीतरी मरत असतं.

आणि त्या फोनलाही डाव्या अंगाला पिवळं बटण होतं. "हे फक्त अग्निशमन दलाला जोडून देताना," स्टॉपवॉच म्हणाले होते. तिनं वहीत लिहूनही घेतलं होतं.

चौथ्या आठवड्यात सराव होता. फोन खोटे, शेजारच्या खोलीतून स्टॉपवॉच स्वतःच करणार. तिची पाळी आली. ती ऐटीत बसली. बावीस वर्षं फोन घेतलेली बाई, तिला कसली धास्ती? फोन वाजला आणि स्टॉपवॉचनी जो आवाज काढला, तो थेट फ्रिजवाल्यांचा. "माझी बायको उठत नाहीये! कधीचा फोन लावतोय! झोपा काढता काय तिथं?"

"एक मिनिट हं, बघते," ती म्हणाली.

चाळीस मोजले. बटण सोडलं. "हं, बोला," तिनं त्याच मऊ सुरात म्हटलं, आणि मग खोलीतली दहा तोंडं आपल्याकडे बघतायत हे तिच्या ध्यानात आलं. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं.

स्टॉपवॉच दारातून आत आले. गळ्यातलं घड्याळ तिच्यापुढं धरलं. एकेचाळीस सेकंद.

"आवाज फार गोड होता, बाई," ते म्हणाले. "बायको गेली."

नंतर त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "सहाव्या आठवड्याच्या शेवटी खरे फोन. मी शेजारी बसून ऐकणार. ते बटण पुन्हा दाबलंत तर फोन मी घेईन आणि तुम्ही पर्स उचलून घरी जायचं. मला समजावत बसायचं नाही."

"बटण काढून टाकता येणार नाही का?" तिनं विचारलं.

"बटण काढता येईल हो," ते म्हणाले, "पण बोट तुमचंच राहणार ना?"

त्या दिवसापासून तिला स्वतःच्या बोटाची भीती वाटायला लागली. मी थट्टा करत नाहीये. नोकरी जाईल ही भीती होतीच. सात महिने पुन्हा त्या कोऱ्या पडद्यांसमोर बसायचं म्हटलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा. पण त्याच्या खाली दुसरी भीती होती. समजा नोकरी मिळाली, आणि सहा महिन्यांनी एखाद्या दमलेल्या दुपारी, कुणी शेजारी नसताना, ते बोट गेलं तर? पलीकडे कुणाची तरी आई जमिनीवर पडलेली असेल आणि लेकराला संगीत ऐकू येत असेल. भाजी चिरताना हे मनात आलं की ती सुरी खाली ठेवायची.

तिनं उपाय कमी केले नाहीत. बोटाला चिकटपट्टी गुंडाळून पाहिली. डावा हात मांडीखाली दाबून बसून पाहिलं, तर एका हातानं पत्ता टाइप होईना. शेवटी लेकीला विश्वासात घेतलं. जेवणाच्या टेबलावर कॅल्क्युलेटर ठेवला, त्याच्या डाव्या कडेला पिवळा कागद चिकटवला आणि म्हणाली, "ओरड माझ्यावर."

"काय म्हणून ओरडू?"

"काहीही. एरवी बरं सुचतं तुला."

मग लेक जी सुटली! अभ्यासावरून, मोबाईलवरून, दहावीत न घेऊन दिलेल्या सायकलवरून. शेजारीण धावत आली, मायलेकींचं काय बिनसलं बघायला. दोघी हसून हसून बेजार झाल्या. पण शेजारीण गेल्यावर लेकीनं तीन बोटं वर केली. तिनं मोजलं होतं. दहा वेळांत तीन वेळा आईचं बोट पिवळ्या कागदावर गेलं होतं.

"आई, तीन म्हणजे..."

"कळतंय मला," ती म्हणाली. "बाबांना सांगू नकोस."

खऱ्या फोनांच्या आदल्या दिवशी सकाळी नवऱ्याला त्याचा मोजपट्टा सापडेना. झालं. घरात वस्तू जागेवर नसतात, कुणाला कशाची फिकीर नाही, एकट्यानं मरमर मरायचं, अशी गाडी सुरू झाली. "एक मिनिट हं," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. ओट्याशी उभं राहून ती अकरापर्यंत आली आणि तिच्या लक्षात आलं, आपण मोजतोय. उद्या हेच होणार. घरात नवऱ्यासमोर आवरत नाही, तिथं काय आवरणार?

ती तशीच परत फिरली. नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "बोला. ऐकते आहे मी."

तो बोललाच. आणखी दोन मिनिटं मोजपट्ट्यावर, मग कारखान्यावर, मग मालकावर. आवाज चढत गेला आणि एकदम तुटला. "लाकूड कापायचं यंत्र येतंय पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. "सहा माणसांचं काम करतं. आम्ही आठ आहोत." आणि तो हातांकडे बघत बसला. तेवीस वर्षांत ती नेहमी चाळीसनंतर परत यायची, तेव्हा हा वर्तमानपत्र वाचत बसलेला असायचा. ओरडून झाल्यावर त्याच्या पोटातून काय बाहेर येतं, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. तो घाबरला होता. तिच्याइतकाच घाबरला होता.

"तुझं लागलं म्हणून बरं," तो म्हणाला. "नाहीतर झोप उडाली असती माझी."

तिनं मोजपट्टा शोधून दिला. त्याच्याच पिशवीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती खऱ्या फोनसमोर बसली. खिडकी नसलेली लांबट खोली, आठ टेबलं, भिंतीवर लाल दिव्यांची पाटी. जेवढे फोन थांबलेले, तेवढे दिवे. शेजारी स्टॉपवॉच दुसरा हेडफोन लावून. पहिला फोन पाय मुरगळलेल्याचा, दुसरा चुकून लागलेला, तिसरा बाळंतपणाच्या कळांचा. नीट पार पडले. तिचे तळहात मात्र इतके घामेजले होते की टाइप करताना बोटं सटकत होती.

चौथा फोन सव्वादहाला आला.

"अहो, किती वेळ! किती वेळ वाजतोय फोन! माणसं मेल्यावर उचलणार का तुम्ही?" म्हातारा आवाज, पण छातीतून येणारा. "ही पडली आहे! हलत नाहीये! काही करा! नुसत्या बसता तिथं!"

तिचं बोट गेलं. मी खोटं कशाला सांगू, गेलंच. पिवळ्या बटणाचा गुळगुळीत गारपणा तिला बोटाच्या टोकाला जाणवला. "एक मिनिट हं" हे शब्द जिभेवर आले. डोळ्यांच्या कडेला स्टॉपवॉचचा हात फोन आपल्याकडे घ्यायला स्वतःच्या हेडफोनच्या खटक्याकडे जाताना दिसला. आणि का कोण जाणे, तिला नवरा दिसला, हातांकडे बघत बसलेला.

"ओरडा," ती म्हणाली. "हवं तेवढं ओरडा, आजोबा, मी कुठंही जात नाही. पण आधी पत्ता सांगा."

पत्ता आला, रडत रडत, घर नंबर दोनदा चुकवून. पलीकडच्या टेबलावरून गाडी सुटली. बायकोचा श्वास चालत नव्हता. "फोनचा आवाज मोठा करून जमिनीवर ठेवा. त्यांच्या बाजूला गुडघ्यांवर बसा. छातीच्या मधोमध दोन्ही तळवे, एकावर एक. जोरात दाबा. मी मोजते, तसे दाबत राहा."

आणि तक्रारबाईनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. बावीस वर्षं जे ओठांत पुटपुटली, ते आता खोलीभर ऐकू जाईल असं मोजत होती. तीसला पोहोचली की पुन्हा एकपासून. म्हातारा मधेच थांबायचा. "नाही होत हो माझ्याच्यानं. बरगडी मोडेल तिची." "मोडू दे. दाबा." तिचा आवाज मऊ वगैरे काही नव्हता. घोगरा झाला होता. तिला भीती वाटत होती की आपला घसा बसेल, गाडी वाट चुकेल, पत्ता आपणच चुकीचा लिहिला असेल. ती पडद्यावरचा पत्ता पुन्हा पुन्हा वाचत होती आणि मोजत होती. आठ मिनिटं. घड्याळात आठ, तिला विचाराल तर जन्म गेला.

मग दार वाजल्याचा आवाज, बुटांचे आवाज, "बाजूला व्हा, आजोबा." गाडी पोहोचली होती. आता फोन सोडायचा. तिनं हात पुढं केला आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "आणखी काही मदत हवी आहे का?"

स्टॉपवॉचनी डोळे मिटून घेतले.

"हो," म्हातारा म्हणाला. आता त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कुलूप सापडत नाहीये. हिला खाली नेतायत. मला बरोबर जायचंय. घराला कुलूप कसं लावू? कायम हीच लावते."

भिंतीवर दोन लाल दिवे लागले होते. स्टॉपवॉचनी बोटानं फोन तोडायची खूण केली.

"फ्रिजवर बघा," ती म्हणाली. "वर, मागच्या बाजूला."

पावलं. काहीतरी पडल्याचा आवाज. "आहे. आहे हो!"

"जा आता," तिनं म्हटलं आणि फोन तोडला.

स्टॉपवॉचनी घड्याळ थांबवलं. "तेरा सेकंद जास्त," ते म्हणाले आणि कागदावर लिहिलं. तिनं मान खाली घातली. संपलं, तिला वाटलं. खाली बघितलं तर तिचं डावं बोट अजून पिवळ्या बटणावरच होतं, न दाबता टेकलेलं. आठ मिनिटं ते तिथंच होतं. उजव्या हाताच्या एकाच बोटानं ती सगळं टाइप करत होती आणि तिला पत्ता नव्हता. बोट काठीसारखं ताठरलं होतं. तिनं ते उचलायला बघितलं तर उचलेना. शेवटी दुसऱ्या हातानं सोडवावं लागलं. स्टॉपवॉच ते बघत होते. त्यांचाही दुसरा हात आत्ता कुठं हेडफोनवरून खाली आला होता.

"फ्रिजवर असेल हे कसं कळलं?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचं सगळं तिथंच असतं," ती म्हणाली. "त्या वाचतील ना?"

"ते आपल्याला कळत नाही. कुणी कळवत नाही. विचारायचंही नाही." त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "दहा मिनिटं बाहेर जाऊन या. सोमवारपासून सातची पाळी तुमची."

बाहेरच्या अरुंद बोळात पाण्याचं यंत्र आणि एक बाक होता. ती बाकावर बसली. आनंद व्हायला हवा होता, पण ती पुढचे दिवस मोजत होती. सोमवारी पुन्हा. मंगळवारी पुन्हा. कुणी शेजारी नसताना. आणि ती बाई जगली का मेली हे जन्मात कळणार नाही. तिनं नवऱ्याला फोन लावला. पलीकडे कारखान्याचा खडखडाट, आणि त्यावर त्याचं ओरडणं, "काय गं? काय झालं? या वेळी फोन? बोल ना! बोलत का नाहीस?"

तिच्या तोंडून कसंबसं एवढंच निघालं, "एक मिनिट हं."

खडखडाट कमी कमी होत गेला. तो चालत बाहेर आला असावा.

"बरं," तो म्हणाला. "चाळीसच ना? मोज तू. मी आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, भिंतीपलीकडून ऐकू येतं सगळं. तेवीस वर्षं ऐकतोय. पस्तिसाव्याला मी पेपर हातात घ्यायचो."

तेव्हा तिला रडू फुटलं. बोळातून जाणाऱ्या दोघांनी वळून बघितलं, तरी तिनं आवरलं नाही. "नोकरी आज लागली," ती म्हणाली. "आधी लागलेलीच नव्हती. आणि मला फार भीती वाटतेय हो. फार."

मग त्यानंच एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं. ती फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिली. तो अठ्ठाविसाला पोहोचला तेव्हा आतून स्टॉपवॉचची हाक आली. उघड्या दारातून आतल्या भिंतीवर तीन दिवे लागलेले दिसत होते.